हद्दीपलीकडचा माइक

सिंदी (रेल्वे)
९ नोव्हेंबर

अश्वजित,

जयभीम. पत्राच्या सुरुवातीला खुशाली लिहायची असते म्हणतात. आम्ही दोघी आहोत, तू असशीलच. झाली खुशाली.

घरात फोन असताना कागद कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस. जेवला का विचारलं, हं. तब्येत बरी आहे का, हं. त्यात माय शेजारीच बसलेली असते आणि तिचे कान अजून पोलीसपाटलाचे आहेत. कागदाला "हं" म्हणता येत नाही, तो वाचावाच लागतो. म्हणून हा उद्योग.

हे पत्र मोहिनीच्या हाती देते आहे. केळझरला शाळेवर आहे ती. माझ्याकडे ब्लाउज शिवते आणि दर वेळी गळ्याचं माप बदलून सांगते. मागच्या आठवड्यात तिला घाईने एक ब्लाउज हवा होता. लग्न आहे का, म्हटलं. तर म्हणे, नाही ताई, कवितावाचन आहे. कुठं विचारलं तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "हिरवळ"मध्ये. माझा पाय मशीनवरच थांबला. "हिरवळ बार अँड रेस्टॉरंट" कोणाचा आहे ते तिला ठाऊक होतं, पण त्या "कोणाची" मी सख्खी बहीण आहे, हे ठाऊक नव्हतं.

आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू मिळत नाही असं फक्त सरकारी कागदाला वाटतं. पण पाटी लावून मिळत नाही हे खरं. ज्याला खुर्चीवर बसून, ग्लासात ओतून प्यायची असते तो केळझर मागे टाकतो, नागपूर जिल्हा लागला की तुझ्याकडे वळतो. तिथली रीतही सगळ्या सिंदीला पाठ आहे, की हद्दीपलीकडे कोणी कोणाला ओळखत नाही. मास्तर समोरच्या टेबलावर असले तरी विद्यार्थी भिंतीकडे बघतो. मला अस्तराचं कापड देणारा रूपराव तुझं नाव निघालं की विचारतो, कोण अश्वजित? आणि शनिवारची शेवटची बस चुकली म्हणून कोणाच्या तरी गाडीवर लटकून तुझ्याकडूनच परत येतो.

अशा जागी तू लिंबाखाली माइक लावतोस म्हणे. महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दिवे लागायच्या सुमाराला. ज्याला वाटेल त्याने यावं, आपलं म्हणावं. नागपूरची पोरं येतात, हिंगणघाटची येतात. पहिल्या खेपेला पिणाऱ्यांनी एका पोरीला हुल्लड करून रडवलं आणि त्यानंतर तू दोन नियम केलेस. जोवर माइक सुरू, तोवर काउंटर बंद, शटर खाली. आणि माइक कोणी कोणाच्या हातातून घ्यायचा नाही, ज्याने धरला त्यानेच सोडायचा. मोहिनी म्हणाली, सर फार कडक आहेत. सर म्हणतात तुला. मला खूप हसू आलं आणि मग आलं नाही. पोरगा कोणाचा आहे ते लपत नाही रे.

मायला अजून सांगितलेलं नाही. तुझ्या बारच्या पाटीसमोर ती दारूबंदी मंडळाच्या बाया घेऊन उभी राहिली त्याला अकरा वर्षं झाली. तू आतून चहा घेऊन आलास. पोलिसाने तिला समजावलं, की बाई, ही तुमची हद्द नाही, इथं लायसन आहे. तेव्हा ती जे बोलली ते तुला शब्दाशब्दाने आठवत असेल, मलाही आठवतं. "हद्दीपलीकडे माया पोरगा नाई. पाटी उतरवशील त्या दिवशी घरी ये. तोवर तुया हातचं पानीबी मले नोको." दोघांनीही तो शब्द पाळला. हट्टाच्या बाबतीत तुम्ही दोघं एकाच कापडातले आहात.

एक गोष्ट मी कोणाला सांगत नाही, तुला सांगते. तुझी सायकल मागच्या पडवीत आहे आणि दर रविवारी माय ती पुसते. हवा भरून आण म्हणून मला पाठवते. कोण चालवणार आहे, असं मी एकदा विचारलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तिचा आवाज जरा बसला आहे. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, हवेत रुई उडते, सगळ्या गावाचेच घसे धरलेत. काळजीचं काही नाही.

तुझी
दीपाताई


सिंदी (रेल्वे)
१७ नोव्हेंबर

अश्वजित,

बिलाच्या कागदाच्या पाठीवर का होईना, उत्तर दिलंस. "ताई, पत्र मिळालं. मायचा घसा कसा आहे? बाकी ठीक." तीन वाक्यांत एकच प्रश्न, आणि तोही नेमका तोच. असो.

मायला कळलं. मी सांगितलं नाही, मोहिनीने सांगितलं. ब्लाउज घालून बघताना आरशासमोर तोंड सुरूच असतं तिचं. माय कोपऱ्यात बसून साडीला फॉल लावत होती. मी डोळ्यांनी खुणावलं, पण मोहिनीला वाटलं मी बाहीकडे बघते आहे. सगळं सांगून मोकळी झाली. तुझं नाव, लिंबाचं झाड, माइक, नियम.

माय सुई चालवत राहिली. म्हणाली, "पंचशीलातले चार पाळते अन् पाचवं, दारूचं, इकते." मोहिनीला तुमचा अबोला ठाऊक नव्हता, आता कळलं की आपण कुठं उभे आहोत. बिचारी बाहीत हात अडकवूनच राहिली.

मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने मायनेच विचारलं, "कविता म्हनते तोवर खरंच बंद राह्यते?" हो आजी, म्हणाली मोहिनी, एक थेंब मिळत नाही. मागच्या खेपेला एकाची गोष्ट लांबली तर लोक तळमळत होते, पण सरांनी शटरला हात लावू दिला नाही. मायने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "अन् कोनी माइक सोडलाच नाई तं?"

मोहिनी हसली. म्हणे, मग बंदच राहील, आजी. माय फॉलकडे वळली. पण त्या साडीचा फॉल तिने असा वाकडा लावला की मला सगळा उसवावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचे टाके उसवले.

रात्रभर मला तू लहान दिसत होतास. बाबाने घरातलं एकेक विकून मोहाची पिली, त्यातूनच तिची गाणी निघाली हे तुला मी काय सांगू. बाबा गेल्यावर ती मंडळात गेली आणि गावोगाव ती गाणी म्हणू लागली. माझा आवाज फाटका, म्हणून झील धरायला तुला घेऊन जायची. ती पहिली ओळ म्हणायची, मागची तुझी. हाफ पँट, नाकाला शेंबूड, आणि आवाज असा की अल्लीपूरच्या सभेत बायांनी तुला उचलून टेबलावर उभं केलं होतं.

इकला हंडा, इकली कळशी, इकली बाजाराले खाट,
आता सांग ना इकशील कोनाले घरी याची वाट?

पहिली ओळ मायची, दुसरी तुझी. तू गेल्यापासून ते गाणं तिने कधी म्हटलं नाही. विहारात सहा डिसेंबरला बाया आग्रह करतात, तर दुसरं म्हणते. झील धरणारा नसला की गाणं लंगडं पडतं, म्हणते. मी एकदा मागची ओळ म्हणून बघितली. ती म्हणाली, "तू शिवनकामच कर, बाई."

मला तुझी फार आठवण येते, हे लिहून टाकते. तोंडाने मी हे म्हणणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पोह्यांवर तर्री घ्यायला कोपऱ्यावर थांबले की अजूनही दोन प्लेट सांगते आणि मग एक रद्द करते. तो पोहेवाला आता विचारतही नाही.

दीपाताई


सिंदी (रेल्वे)
२३ नोव्हेंबर

अश्वजित,

तू पुन्हा घसाच विचारलास. मोहिनी म्हणाली, सरांनी चिठ्ठी हातात दिली आणि दोनदा म्हणाले, याचं उत्तर आण.

तर ऐक. रुईचं काही नाही. मायच्या गळ्यात गाठ आहे. सेवाग्रामच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आलो. गाठ कसली आहे ते काढल्यावरच कळेल, आणि काढावी लागेलच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टरीण तरुण आहे, चांगली आहे, मायच्या पायाशी स्टुलावर बसून तिने समजावून सांगितलं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे. जीव वाचवू, पण आवाज राहील की नाही ते मी आत्ता सांगू शकत नाही, म्हणाली. मायने मान हलवली. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना म्हणाली, "आवाज गेला तं जाऊ दे. पंचवीस वर्सं वापरला."

मी म्हटलं, अश्वजितला कळवते. तिने माझा हात धरला. म्हातारीचा हात आहे, पण मनगट दुखलं माझं. "मी मरून राह्यली म्हनून त्यानं पाटी उतरवली तं ते कायची पाटी उतरवनं? ते तं तिरडी बांधनं झालं. दयेनं आलेला पोरगा मले नोको." माझ्याकडून शब्द घेतला. तो मी आत्ता मोडते आहे.

म्हणून हात जोडून सांगते, धावत येऊ नकोस. मोठा डॉक्टर, नागपूरचा दवाखाना, यातलं काही काढू नकोस. पाटीला तर हातच लावू नकोस. तू आलास की तिला समजेल की मी सांगितलं, आणि उरलेले दिवस ती आपल्या दोघांशीही अबोला धरेल. तिचा आवाज आहे तोवर मला तो ऐकायचा आहे रे.

आणि तुलाही ऐकवायचा आहे. कसा, ते मला अजून कळलेलं नाही. तिने एकदा, फक्त एकदा ते गाणं म्हणावं आणि मागची ओळ तू धरावी. पुढं तिचा आवाज राहो की जावो. मला दुसरं काही नको. भिंतीआड लपून ऐक म्हणावं, तर घरात ती गातच नाही.

दीपाताई


सिंदी (रेल्वे)
३० नोव्हेंबर

अश्वजित,

तुझी चिठ्ठी वाचली. इतकं मोठं तू शाळेतही कधी लिहिलं नसशील. चूल पेटवताना जाळून टाकली, मायला अक्षर ओळखू येतं.

"पाटी उतरवतो, पण ती मरते आहे म्हणून नाही, मला वाटलं म्हणून" असं तू लिहिलंस. अरे पण अकरा वर्षं न वाटलेलं याच आठवड्यात वाटलं, हे ती मानेल का? थांब म्हटलं ना, थांब.

एक काम कर. बुधवारी माइकजवळ एक पाठ असलेली खुर्ची ठेव. प्लास्टिकची नको, ती मागे कलंडते. कोणासाठी ते विचारू नकोस, मीही सांगणार नाही, या वेळचा शब्द मला पाळायचा आहे. मोहिनीला काही विचारू नकोस, तिला तोंड आवरत नाही. तू नेहमीसारखा काउंटरजवळ उभा राहा. आणि तुझे ते दोन्ही नियम असतील तसेच ठेव, काही झालं तरी.

दीपाताई


सिंदी (रेल्वे)
४ डिसेंबर

अश्वजित,

तू तिथंच होतास, तुला मी काय सांगायचं. पण तू काउंटरजवळ उभा होतास, तुला तिची पाठ दिसत होती. मी समोर बसले होते. शिवाय आधीचं आणि नंतरचं तुला काहीच माहीत नाही.

जायचं तिने आधीच ठरवून माझ्याकडून शब्द घेतला होता. मंगळवारी तिने पांढरी साडी धुऊन, खळ घालून वाळवली, ती निळ्या काठाची, मोर्चाची. पेटीतून मंडळाचा बिल्ला काढला. मला म्हणाली, "अकरा वर्सं झाले, मोर्चा नाई काढला. उद्या काढू." किती जणी आहेत, विचारलं. म्हणाली, "तू अन् मी." मंडळातली यशोदाबाई येते का विचारू, म्हटलं. नको म्हणाली, तिचा नवरा तिकडेच बसलेला असेल, उगाच तिची पंचाईत.

नत्थूजीच्या ऑटोने निघालो. वाटेभर तिने घसा राखून ठेवला. नागपूर जिल्ह्याची पाटी आली तशी तिने नत्थूजीच्या खांद्यावर हात ठेवून ऑटो थांबवायला सांगितला. उतरली. त्या पाटीजवळ उभी राहिली, पदर नीट केला. नत्थूजीला वाटलं तिला मळमळतं आहे. ती म्हणाली, "ऑटोत बसून नाई जात. हद्द मी पायानं ओलांडीन." आणि चालत निघाली. नत्थूजी ऑटो बंद करून, ढकलत तिच्या मागे आला. आमचा मोर्चा असा होता, अश्वजित. दोन बाया आणि एक ऑटो.

तिला आत येताना बघून सिंदीची मंडळी टेबलाखाली शिरायची बाकी होती. आपल्या गल्लीतल्या सदाशिवरावांनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढला, रूपरावाने मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. तुझी रीत आहे ना, कोणी कोणाला ओळखत नाही. पण तिने ती मानली नाही. माइक हातात घेऊन पहिलं वाक्य काय म्हणाली, "रूपराव, ते कार्ड उलटं धरलं हाय." नागपूरची पोरं एवढी हसली की त्यातल्या एकीला ठसका लागला. मी तुझ्याकडे बघितलं. तू हसला नाहीस. तू शटरच्या कडीला धरून उभा होतास.

मग ती गात राहिली. आवाज घोगरा, मध्येच फाटणारा, वरचा सूर लागतच नव्हता. पण शब्द एकही चुकला नाही. निंदणाची गाणी, मोर्चाची गाणी, ते मोहाच्या सडव्याच्या मडक्याचं गाणं ज्यात ती मडकं फुटल्याचा आवाज तोंडाने काढायची. एक संपलं की लोक टाळ्या वाजवायचे, काउंटरकडे बघायचे, आणि ती दुसरं सुरू करायची. तुझा भागीदार रजत घड्याळ बघत होता. पुढच्या टेबलावरचे आधी खाकरले, मग उभे राहिले, मग एकेक मोटारसायकल सुरू होऊ लागली. तिला सगळं दिसत होतं. प्रत्येक गाडी गेली की तिचा चेहरा असा व्हायचा, जसा पूर्वी एखादी भट्टी मोडली की व्हायचा. खोटं कशाला बोलू, मला आधी तेवढंच वाटलं होतं. वाटलं, म्हातारीने तुझ्याच नियमाने तुझा एक दिवस बंद पाडला, जिंकली, आता उठेल.

आणि लाइट गेली.

अंधारात रजत म्हणाला, चला, माइक बंद झाला, काउंटर उघडतो. त्याचं चुकलं नाही, नियम तसाच होता. शटरची कडी वाजली. तेव्हा तू जे बोललास ते तुझ्या तोंडून मी अकरा वर्षांत ऐकलेलं पहिलं धड वाक्य. "माइक बंद झाला, रजत. मायचा आवाज सुरू हाय. शटर खाली कर."

तू "माय" म्हणालास. सगळ्यांसमोर, मोठ्याने. तिचं गाणं एका शब्दावर अडलं. कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावली, मग आणखी दोघांनी लावली, तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. ती बघत समोर होती, पण कान मागे होते. मग तिने ते गाणं सुरू केलं. माइक नव्हता, आवाज नव्हता, दहा हातांवरचा माणूसही पुढं झुकून ऐकत होता.

इकला हंडा, इकली कळशी, इकली बाजाराले खाट.

आणि थांबली. दमाने नाही थांबली, अश्वजित. मी समोर होते, मला विचार. तिने श्वास पुरवून ठेवला होता. ती थांबली आणि वाट बघू लागली.

तुझा आवाज बाबासारखा झाला आहे. हे कोणी सांगितलं नव्हतं मला. मागची ओळ तू काउंटरजवळून म्हटलीस, दुसऱ्या कडव्याला अंगणात आलास, आणि तिसऱ्याला तिच्या खुर्चीमागे होतास. तिने मागे वळून बघितलं नाही. फक्त पुढची ओळ म्हटली. मी रडत होते, मोहिनी रडत होती, आणि रूपराव, जो तुला ओळखत नाही, तो उभा राहून टाळी धरत होता.

शेवटी तिला खोकला आला, तेव्हा तू पाणी आणलंस. ती त्या ग्लासाकडे बघत होती. तिने ग्लास घेतला आणि सगळं पाणी प्याली, बूड वर करून. मग ग्लास तुझ्या हातात दिला, माइक खुर्चीवर ठेवला आणि मला म्हणाली, चाल. तुझ्याशी एक शब्द नाही. तू तसाच उभा राहिलास, मलाही थांबता आलं नाही.

आता तुला माहीत नसलेलं. हद्दीची पाटी मागे गेल्यावर ती ऑटोत म्हणाली, "वाळला हाय." मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, "पानी चांगलं हाय तिथलं." मी म्हटलं, मग त्याला घरी बोलावू? तिने पदर कानावर ओढला. मग म्हणाली, "पाटी हाय अजून." आणि डोळे मिटून घेतले. तर असं आहे. तिने पाणी घेतलं, पण दार उघडलं नाही. मला वाटलं होतं एवढ्याने माझं भागेल. गाणं झालं, झील झाली. पण नाही भागलं. माणसाचं मन मोठं लबाड असतं, एक मिळालं की दुसरं मागतं.

दीपाताई


सेवाग्राम
१३ डिसेंबर

अश्वजित,

ऑपरेशन झालं. गाठ काढली, साधी निघाली. मोहिनीला फोनवर सांगितलं होतं, तिने कळवलंच असेल. बाकीचं तू डोळ्यांनी बघून गेलास.

हो, मला माहीत आहे. काल दुपारी मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर वॉर्डच्या दारातून तू परत जाताना पाठमोरा दिसलास. हाक मारणार होते, पण दवाखान्यात ओरडू देत नाहीत, आणि हळू हाक मारली असती तर तू थांबला नसतास. शेजारच्या खाटेवरच्या शकुबाईने सांगितलं, एक माणूस बराच वेळ दारात उभा होता, आजी झोपल्या आहेत का म्हणून खुणेने विचारलं, मी होकाराची मान हलवली, तर स्टुलावर थर्मास ठेवून गेला.

ती झोपलेली नव्हती.

हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते. मी आत गेले तर तिचे डोळे मिटलेले होते, आणि दोन्ही बाजूंनी पाणी वाहून उशी भिजलेली होती. शकुबाईचं लक्ष नव्हतं. मी तोंड पुसायला गेले, तिने माझा हात बाजूला केला आणि थर्मासकडे बोट दाखवलं. पेज होती. चमच्याने भरवली. डॉक्टरणीने दोनच चमचे सांगितले होते, तिने तिसरा मागितला.

आवाज नाही. ती तोंड उघडते आणि नुसती हवा येते. डॉक्टरीण म्हणते, कदाचित येईल, काही महिने लागतील, कदाचित नाही येणार. काल रात्री तिने ओठ हलवून मला काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, तिने पुन्हा विचारलं, पुन्हा कळलं नाही, आणि मग तिने हात असा झटकला की जाऊ दे. आयुष्यभर मी तिच्या बोलण्याला वैतागले. आता ती बोलावी म्हणून मी कोणाचे पाय धरू?

दीपाताई


सिंदी (रेल्वे)
२ जानेवारी

अश्वजित,

नवीन वर्ष लागलं. घरी आलो त्याला आठवडा होऊन गेला. माय बरी आहे. चालते, जेवते, माझ्या दुकानात येऊन बसते, आणि न बोलता माझ्या चुका दाखवते. पूर्वी नुसतं बोलायची, आता उठून येते आणि बोट ठेवते. हे जास्त वाईट आहे.

तिला लिहायला पाटी-पेन्सिल दिली, तर तिने ठेवून दिली. तिला माझा कापडावर खुणा करायचा खडू आवडला. काळ्या अस्तराच्या चिंध्या घेते आणि त्यावर लिहिते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गातलं अक्षर, एकेक शब्द उभा. "मीठ जास्त." "शेजारची आली." "दोरा निळा घे." दिवसभर घरात चिंध्या पडलेल्या असतात. वाचल्या की झटकायच्या, खडू उडून जातो, चिंधी पुन्हा कोरी.

काल रविवार नव्हता, तरी तिने तुझी सायकल पुसली. मग ती सायकल पडवीतून काढली, अंगणात आणली आणि पुढच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवली, येणाऱ्याला दिसेल अशी. मी विचारलं नाही. मी शहाणी झाले आहे.

संध्याकाळी मोहिनी आली होती. तिला वाटलं आजीचं मन रमवावं, म्हणून ती सांगत होती की बुधवारी पुन्हा कार्यक्रम आहे, सगळे आजींची आठवण काढतात, ती खुर्ची सरांनी कोणाला बसू दिली नाही. मायने खडू घेतला. चिंधीवर लिहिलं, "येते." मग मी म्हटलं, माय, आवाज नाही, जाऊन करशील काय? तिने चिंधी झटकली आणि पुन्हा लिहिलं, "माइक धरून बसीन. सोडनार नाई." आणि हसली. दाढ दिसेपर्यंत हसली, आवाज न करता.

तेव्हा रजतला आधीच सांगून ठेव. आणि तूही सराव करून ये, या खेपेला पहिली ओळही तुलाच म्हणावी लागेल.

मी म्हटलं, बरं, नत्थूजीला ऑटो सांगते. तिने मान हलवली, नको. मोहिनी म्हणाली, माझ्या गाडीवर नेते. तिलाही नको. मग तिने माझ्या टेबलावरून अस्तराचा एक नवीन तुकडा कापून घेतला, चिंधी नाही, चांगला तुकडा, आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ लिहीत बसली. लिहून झालं तेव्हा मला वाचू दिलं नाही. घडी केली, माझ्या हातात दिली आणि मोहिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे या पत्रासोबत पाठव.

तो तुकडा यात ठेवते आहे. पण खडूचा भरवसा नाही. मोहिनीच्या पर्समध्ये घासून, तुझ्या हाती पडेपर्यंत काळं कापडच उरेल, म्हणून मी तिच्या पाठीमागे उघडून वाचला. मला माफ कर, तीही करेल. आधी तिने तीनच शब्द लिहिले होते, "बुधवारी न्याले ये". मग कधीतरी तिचं मन झालं असणार, कारण "ये"च्या आधी जागा नव्हती तरी वर, बारीक अक्षरात, आणखी एक शब्द बसवला आहे.

"बुधवारी न्याले घरी ये."

पाटीचं काही लिहिलेलं नाही. मी दोन्ही बाजूंनी बघितलं.

दीपाताई